यमुनाबाईंचं जिवंत हाड

आमच्या इंदिरानगरच्या घरात डब्यांना नावं लावायची झाली की मी चिठ्ठी डब्याच्या अंगावर चिकटवते, झाकणावर कधीच नाही. सून हसते. "आई, रव्याच्या डब्यात रवाच असतो, उघडला की दिसतोच," म्हणते. तिचं खरं आहे. पण उघडल्यावरही सारख्याच दिसणाऱ्या वस्तूंमध्ये माझी सगळी नोकरी गेली. त्या नोकरीतल्या एका बाईंच्या हाडाची हकिकत सांगते.

मी मूळची नामपूरची. नव्वद सालानंतर नाशिकच्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ म्हणून लागले. गावी गेले की आई अहिराणीत विचारायची, "तू काय काम करस माय?" मी म्हणायचे, "हाडं मऊ करते." त्यावर ती पुढं काही विचारायची नाही.

काम खरंच तेच होतं. शस्त्रक्रियेत काढलेला हाडाचा तुकडा तपासायचा तर त्याचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ काप घ्यावा लागतो. हाड तसं कापलं जात नाही. म्हणून ते आम्लात ठेवून त्यातला चुना विरघळू द्यायचा. किती वेळ, हे पुस्तकात नेमकं सापडत नाही. सुई टोचून अंदाज घ्यायचा. कमी मुरलं तर पातं तुटतं. जास्त मुरलं तर पेशीच पुसल्या जातात.

सिन्नरकडच्या नऊ वर्षांच्या एका मुलीच्या गुडघ्याजवळचा तुकडा असाच माझ्याकडे आला. गाठ साधी की कॅन्सरची, हे बघायचं होतं. शनिवारी सुई टोचली तेव्हा मला तो अजून कडक वाटला, म्हणून तसाच ठेवून घरी गेले. मध्ये रविवार. सोमवारी तुकडा रबरासारखा वाकत होता. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाले, "यात काहीच दिसत नाहीये. नमुना पुन्हा मागवा." त्या पोरीला दुसऱ्यांदा टेबलावर घेतलं. गाठ साधी निघाली. तिचे वडील विभागात पेढे घेऊन आले, सगळ्यांच्या पाया पडायला लागले. चूक माझी होती हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी पेढा घेतला आणि खाल्लासुद्धा.

तेव्हापासून भीती माझ्याबरोबर कामावर यायला लागली. लोकांना वाटायचं, देवरेबाई फार काटेकोर आहेत. मी काटेकोर नव्हते, घाबरट होते.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी त्याच आवारात हाडांच्या पेशींवर संशोधन करणारी छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. तिच्या प्रमुख होत्या जोगदंड मॅडम. पुण्यात शिकलेल्या, चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी मला मागून घेतलं. "हाडाला न घाबरणारी माणसं मिळतात हो," त्या म्हणाल्या, "मला घाबरणारं माणूस हवंय."

तिथं हाड मऊ करायचं नव्हतं, उगवायचं होतं. हाडाच्या आतल्या मज्जेत काही कोवळ्या पेशी असतात. त्यांचं पुढं काय व्हायचं हे ठरलेलं नसतं. एखादी चरबीची पेशी होते, एखादी हाड बांधणारी. पेशीला बाहेरून निरोप येतो, 'हाड हो'. तो निरोप पेशीच्या कडेपासून मधल्या केंद्रकापर्यंत एका रेणूकडून दुसऱ्याकडे असा हातोहात पोचतो. त्या वाटेला संदेशमार्ग म्हणतात. त्यावर जागोजागी ब्रेकही असतात, नाहीतर माणसाचं सगळं शरीर हाडच होऊन बसेल.

केंद्रकातून हुकमाच्या चिठ्ठ्या बाहेर पडतात आणि पेशी त्या वाचून प्रथिनं बनवते. मायक्रोआरएनए म्हणजे वीस-बावीस अक्षरांचा एक चिमुकला धागा. तो स्वतः काही बनवत नाही. ठरावीक चिठ्ठी गाठून तिला चिकटतो, की ती चिठ्ठी वाचली जात नाही. एवढंच त्याचं काम. पण त्यानं कुठली चिठ्ठी धरली यावर हाड होणार की नाही हे फिरतं. मॅडमचा अंदाज असा, की म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात त्यात एका विशिष्ट मायक्रोआरएनएचा हात आहे. तो 'हाड हो' हाच निरोप अडवतो. त्याला अडकवून टाकणारा जोडधागा पेशीत सोडला तर हाड जोमानं वाढेल.

या धाग्यांना हाताळणं म्हणजे जिवाला घोर. त्यांना कापून टाकणारा पदार्थ आपल्याच कातडीवर, घामात, श्वासातल्या थेंबांत असतो. उघडं बोट लागलं की महिन्याचं काम गेलं. मी दोन-दोन हातमोजे घालायची आणि शिंक आली तर खोलीबाहेर पळायची.

पेशी मिळायच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेतून. मोडलेला खुबा बदलताना हाडाचा जो गोळा काढतात तो एरवी टाकूनच देतात. तो आम्ही मागायचो, रुग्णाची लेखी संमती घेऊन. संमतीपत्र वाचून दाखवायचं काम माझं. अशीच मी यमुनाबाई विधात्यांच्या खाटेजवळ गेले.

यमुनाबाई मखमलाबादच्या. झेंडू-शेवंतीची शेती. सत्तरीच्या, काटक, पण हाडं आतून पोकळ झालेली. वाफ्याच्या बांधावर घसरायचं निमित्त झालं आणि खुबा मोडला. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "टाकूनच देणार व्हते ना? मंग घ्या की. पर त्याचं करणार काय?"

"त्यातल्या पेशी जिवंत ठेवणार."

"म्हंजी मी घरी आन् माझं हाड तुमच्यापाशी जित्तं?"

"हो."

त्यांनी पदर सावरला. "मला दाखवशील का?"

दीड महिन्यानं तपासणीला आल्या तेव्हा मुलाला, सुनीलला, घेऊन वॉकर टेकत आमच्या दारात हजर. मी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. बशीच्या तळाला त्यांच्या पेशी पसरल्या होत्या, लांबट, टोकदार, एका दिशेनं वळलेल्या. यमुनाबाई बराच वेळ डोळा लावून होत्या. "हलत नाय," म्हणाल्या.

"हलतात, पण फार सावकाश. आपल्याला दिसत नाही."

"माझ्यावानीच," असं म्हणून हसल्या. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "नीट बघ गं त्यांच्याकडं."

इतर रुग्णांच्या पेशी चार-सहा वेळा वाढवल्या की थकायच्या. फक्त यमुनाबाईंच्या टिकल्या. म्हणून मुख्य प्रयोग त्यांच्यावरच करायचं ठरलं. दोन बशा. एकीत जोडधागा सोडायचा, दुसरी साधी, तुलनेसाठी. पुढं तीन आठवडे दोन्हींना सारखंच खाद्य द्यायचं आणि शेवटी रंग टाकायचा. जिथं चुना साठला, म्हणजे हाड बनलं, तिथं तो लाल होतो.

त्या दुपारी मी धागे सोडले आणि दोन्ही बशा अजून स्वच्छ हवेच्या कपाटात असतानाच लोडशेडिंग झालं. वेळापत्रकात नसलेलं. इन्व्हर्टरनं दहा मिनिटं तग धरला आणि तोही गेला. स्वच्छ हवेचा पंखा थांबला. उघड्या हवेत बुरशीची एक कणी पडली तरी सगळं संपणार. मी घाईनं झाकणांवर स्पिरिट फवारलं, पुसलं. पुसताना झाकणांवरची शाई फराटली. दोन्ही झाकणं उचलली, कोरडी केली, पुन्हा नावं लिहिली, बशांवर ठेवली आणि बशा उबवणीच्या पेटीत सरकवल्या. हे सगळं अर्ध्या उजेडात. बुरशी लागली नाही म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला.

तीन आठवड्यांनी रंग टाकला. साधी बशी फिकट गुलाबी. धागा सोडलेली डाळिंबासारखी लालभडक. मॅडमनी मला मिठीच मारली. तोच प्रयोग पुन्हा लावला, पण त्याला बुरशी लागली. मॅडम थांबायला तयार नव्हत्या. बंगळूरला परिषद होती, तिथं हेच मांडायचं ठरलं. आणि मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. सुनील आईच्या हाडांच्या गोळ्या न्यायला रुग्णालयात आला होता. मी त्याला बोलावून ती लाल बशी दाखवली. "हे तुमच्या आईचं हाड. औषधानं वाढलंय."

"आईला देता येईल?" त्यानं लगेच विचारलं.

"आत्ता नाही. पुढं कधीतरी." हे बोलताना माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला ठाऊक नाही. त्यानं मात्र 'पुढं' ऐकलं नाही.

परिषदेला दहा दिवस राहिले असताना मी जुन्या बशा टाकून देण्यासाठी काढल्या. मला एक सवय होती. धागा सोडायच्या बशीच्या तळाला, खालून, मी आधीच हिरवा ठिपका द्यायची. स्वतःपुरती खूण, वहीतही नसलेली. लाल बशी उलटी केली. तळ कोरा होता. फिकट बशी उलटी केली. हिरवा ठिपका.

मी खुर्चीत बसले. ठिपका चुकीच्या बशीला दिला असेल का? की त्या दुपारी झाकणं बदलली? झाकणं बदलली असतील तर आमचं औषध हाड वाढवत नव्हतं, मारत होतं. आणि हे या जगात फक्त मला माहीत होतं. ठिपका स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला दोन सेकंद लागले असते. खोटं कशाला बोलू, बोळा मी हातात घेतला होता.

तीन दिवस मी कोणाशी बोलले नाही. नवरा म्हणाला, "ताप आहे का?" मला नोकरी जाण्याची भीती होती, मॅडमच्या चेहऱ्याची होती. पण सगळ्यांत मोठी भीती वेगळीच होती. मी सांगेन आणि मॅडम म्हणतील, "राहू द्या, बोलू नका कुठं." त्या तसं म्हणाल्या तर मी ऐकेन, हे मला पक्कं माहीत होतं. पेढा घेतलेला हात माझाच होता.

चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही बशा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. "मॅडम, तळ बघा."

त्यांनी बघितला. मी त्या दुपारचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोणाला बोललात?"

"कोणालाच नाही."

त्यांनी दोन्ही बशा पुन्हा एकदा उलट्या करून पाहिल्या. मग त्यांनी फोन जवळ ओढला. "बंगळूरला कळवते, माझं भाषण रद्द करा म्हणून." नंबर फिरवता फिरवता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकदाच केलेल्या प्रयोगावर उड्या मी मारल्या देवरेबाई. तुम्ही नाही."

माझं काम मात्र संपलं नव्हतं. त्याच दिवशी रिक्षा करून मखमलाबादला गेले. दसरा तोंडावर होता, अंगणभर झेंडूचे ढीग. यमुनाबाई ओट्यावर बसून फुलं निवडत होत्या. मी विचारलं, "गोळ्या घेताय ना?"

त्यांनी सुनीलकडे पाहिलं. सुनील म्हणाला, "बंद केल्या ताई. तुमचं औषध येतंयच ना. त्या गोळ्यांनी तिला लय जळजळ व्हती."

"किती दिवस झाले?"

"महिना झाला आसंल. जास्तच."

या बाईंचा दुसरा खुबाही पहिल्याइतकाच पोकळ होता. बांधावरून पाय घसरायला कितीसा वेळ लागतो! मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की असं औषध येणार नाही. बशांची माझ्या हातून अदलाबदल झाली असावी. त्या धाग्यानं हाड वाढण्याऐवजी कमीही होत असेल.

सुनीलचा चेहरा काळवंडला. "तुम्हीच दाखवलं ना ताई? लाल लाल?"

"हो. मीच."

"मंग आमी काय समजायचं?" हातातली पाटी त्यानं खाली आदळली आणि वाफ्यांकडे निघून गेला. फुलं माझ्या पायांपर्यंत घरंगळत आली.

यमुनाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "चुकली हे तुला कोन बोललं?"

"कोणी नाही. मलाच दिसलं."

"हितं यायला भ्याली नाय?"

"लय भ्याले."

त्यांनी ओट्यावर हात फिरवून जागा केली. "बस. आन् ती फळीवरची डबी दे, आन् तांब्या." डबीतली गोळी माझ्यासमोर गिळली. नंतरचे कित्येक महिने घरात फोन वाजला की मला वाटायचं, त्या पडल्या. त्या पडल्या नाहीत. पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही, नशीब म्हणायचं.

खरं काय ते कळायला यमुनाबाईंच्या पेशींची एकच कुपी उरली होती, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेली. गोठवलेल्या पेशी कोमट पाण्यात मिनिट-दीड मिनिटात वितळवाव्या लागतात. उशीर झाला तर त्या मरतात, आणि मेल्या असत्या तर आमचा प्रश्न कायमचा तसाच राहिला असता. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच करा."

"माझे हात कापतायत."

"म्हणूनच."

मी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाजवळ जायचा धीर होईना. मॅडमनी आधी पाहिलं आणि बाजूला सरकून मला जागा दिली. पेशींनी तळ धरला होता. आम्ही त्या वाढवल्या, एक कुपी भरून पुन्हा गोठवली आणि बाकीच्यांवर प्रयोग लावला, तीनदा. या खेपेला बशांच्या तळाला फक्त आकडे. कुठल्या आकड्यात धागा आहे ते जीवरसायन विभागातल्या एका सरांकडे बंद पाकिटात. धागा त्यांनीच सोडला. मी खाद्य बदलायची, पण कुठल्या बशीला काय दिलंय हे मला माहीत नव्हतं.

पाकीट उघडलं तेव्हा तिन्ही वेळा तेच निघालं. लाल झाल्या होत्या त्या साध्या बशा. धागा सोडलेल्या फिकट. म्हणजे झाकणं खरोखरच बदलली होती. पुढं मॅडमनी कारण शोधलं. तो मायक्रोआरएनए हाडाचा वैरी नव्हताच. संदेशमार्गावर जो ब्रेक आहे, त्या ब्रेकचीच चिठ्ठी तो अडवून धरत होता. त्याला आम्ही अडकवलं, ब्रेक मोकळा झाला आणि हाड थांबलं. यावर एक छोटा शोधनिबंध छापून आला. त्यात माझंही नाव आहे. तो मी कपाटात साड्यांखाली ठेवलाय. अभिमान वाटतो, पण वाचवत नाही.

प्रकल्पाची मुदत संपली आणि वाढवून मिळाली नाही. प्रयोगशाळा आवरायला घेतली तेव्हा टाकीत यमुनाबाईंची ती एक कुपी होती. यमुनाबाई मात्र नव्हत्या. सहा महिन्यांपूर्वी हृदयविकारानं गेल्या होत्या. पुण्यातली एक प्रयोगशाळा कुपी घ्यायला तयार होती, नाहीतर नियमानुसार नष्ट करायची. संमतीपत्र होतं, तरी मॅडम म्हणाल्या, "घरच्यांना विचारा." मखमलाबादच्या त्या दिवसानंतर सुनील माझ्याशी बोलला नव्हता. फोन लावताना मी तीनदा ठेवून दिला.

तो आला. मी टाकीचं झाकण उघडलं, पांढरी वाफ बाहेर आली. तो दोन पावलं मागं सरला.

"यात आई हाय?"

"तिच्या हाडाच्या पेशी आहेत. गोठलेल्या."

"जित्त्या?"

"बाहेर काढून ऊब दिली तर जिवंत होतील."

तो स्टुलावर बसला. "आस्थी आमी रामकुंडात सोडल्या. मला वाटलं, झालं सगळं. हे तर राहूनच गेलं ताई." मग म्हणाला, "मला द्या. हेबी सोडून येतो." त्याला अडवायचा अधिकार मला आहे असं वाटत नव्हतं. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो दारातच उभा राहून बोलला. "त्या आस्थी जळालेल्या व्हत्या. ही जित्ती हाय. जित्तं माणूस कोण पाण्यात सोडतं? पाठवा पुण्याला." आणि जाताना म्हणाला, "तुमी सोता घेऊन जा. दुसऱ्या कोणाकडं देऊ नका."

नायट्रोजनचा कॅन दोन्ही गुडघ्यांत धरून मी गाडीत बसले. सिन्नरपर्यंत रस्ता उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव कॅनच्या झाकणापाशी गोळा व्हायचा. ड्रायव्हरला मी इतक्यांदा "हळू" म्हटलं, की तो शेवटी म्हणाला, "ताई, चालत गेलो तर लवकर पोचू." पुण्यात त्यांनी कुपी काढून घेतली, क्रमांक ताडून पाहिला, त्यांच्या टाकीत सोडली आणि मला पावती दिली. पावतीवर नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता.

बाहेर येऊन पायरीवर बसले तोच मोबाइल वाजला. सुनील होता.

"पोचली का?" त्यानं विचारलं.

तो कुपीचं विचारत होता की आईचं, ते मी विचारलं नाही.

"पोचली," मी म्हणाले. "सुखरूप पोचली."